किनाऱ्यावरच्या गाडीचा गंज: काळं कोटिंग, मेण आणि लॅनोलिन यांची पारख

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत गाडीला ‘अंडरबॉडी कोटिंग’ करून देणारी गॅरेजं आता जागोजागी आहेत. नवी गाडी घेताना शोरूममध्ये ते बिलात जोडलं जातं, जुनी गाडी सर्व्हिसिंगला गेली की मेस्त्री सुचवतात. नाव एकच असलं तरी त्याखाली तीन वेगळी द्रव्यं विकली जातात: रबर-बिटुमेनचा (डांबराचा) काळा थर, मेण, आणि लॅनोलिन (लोकरीतली चरबी) किंवा तत्सम तेल. निकाल आधीच सांगतो. सगळ्यात जास्त खपणारा काळा थर कोकणात एकटा पुरत नाही, आणि घाईत मारला तर फायद्यापेक्षा नुकसान जास्त करतो. पैसे मोजके असतील तर ते आधी पोकळ भागांत मेण भरण्यावर खर्च करा. मग चाकांच्या कमानींना काळा थर, आणि उरलेल्या पोटाला दरवर्षी लॅनोलिनचा हात. या क्रमाने केलेलं काम आम्हाला पैसे वसूल करणारं वाटतं, उलट्या क्रमाने केलेलं नाही.

गंजाची ही चर्चा फक्त खिशाची नाही. गाडी बनवताना निसर्गाची जी झीज होते ती कमी करण्याचा गाडीमालकाच्या हातातला सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे बनलेली गाडी टिकवणं. झोतभट्टीत एक टन पोलाद तयार व्हायला सुमारे १.४ टन लोहखनिज, ८०० किलोच्या आसपास कोळसा आणि ३०० किलो चुनखडी लागते, आणि सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भारतातल्या भट्ट्यांचा आकडा त्याहूनही वरचा, अडीच टनांच्या घरात आहे. आठशे-नऊशे किलोच्या लहान गाडीत निम्म्याहून जास्त वजन पोलादाचंच असतं. रेडीच्या खाणींमुळे खनिज काढणं म्हणजे काय, डोंगर कसा उघडा पडतो, हे सिंधुदुर्गात वेगळं सांगावं लागत नाही. पोलादानंतर रंगकाम. गाडीच्या कारखान्यात सर्वात जास्त ऊर्जा पेंट शॉप खातं, कारण गाडीचा अख्खा सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवून १७०-१८० अंशांच्या भट्टीत भाजावा लागतो आणि वरच्या रंगांसाठी पुन्हा भट्टीत न्यावा लागतो. कच्च्या मालापासून धरलं तर लहान पेट्रोल गाडी दारात येईपर्यंत पाच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो.

आता हिशोब करून बघा. घरची गाडी वर्षाला ६,००० किलोमीटर फिरते, लिटरला १८ देते. म्हणजे वर्षाला ३३३ लिटर पेट्रोल. लिटरमागे २.३ किलो धरले तर साधारण ७७० किलो कार्बन डायऑक्साइड. नवी गाडी वीस टक्के कमी पेट्रोल प्यायली तर वर्षाला दीडशे किलो वाचतील. ती बनवताना गेलेले पाच टन भरून यायला तीस वर्षांहून जास्त लागतील. एवढी वर्षं किनाऱ्यावर गाडी क्वचितच टिकते. याच गाडीचा टॅक्सी म्हणून वर्षाला ४०,००० किलोमीटर वापर असेल तर गणित फिरतं: तिथे वीस टक्क्यांची बचत वर्षाला टनभर होते आणि पाच वर्षांत फेड होते. म्हणून खालचा सल्ला कमी फिरणाऱ्या घरगुती गाड्यांसाठी आहे, आणि कोकणात गावाला अशाच गाड्या जास्त आहेत. काळा धूर ओकणारी जुनी डिझेल गाडी गंज रोखून पुढे रेटावी, असं मात्र आम्ही म्हणणार नाही.

कोकणातल्या गंजाची तऱ्हा वेगळी आहे. पुण्या-नाशिकची गाडी पावसात भिजते आणि सुकते. इथली सुकतच नाही. मिठाला हवेतलं पाणी ओढून घ्यायची सवय. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की विरघळून ओलं होतं, आणि समुद्राच्या मिठात असलेलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांनाच. म्हणजे पत्र्यावर खाऱ्या हवेची बारीक पूड बसली असेल तर जानेवारीच्या कोरड्या दुपारीसुद्धा तिथे डोळ्यांना न दिसणारा ओलावा टिकून राहतो. किनाऱ्यापासून आत जाल तसं हे मीठ झपाट्याने कमी होतं. वाळूला लागून घर असलेल्याची गाडी आणि दहा किलोमीटर आत डोंगराखाली राहणाऱ्याची गाडी यांना एकच सल्ला देता येत नाही.

त्यात आपली आणखी चार कारणं. बंदरातून निघणाऱ्या मासळीच्या टेम्पोतून बर्फाचं खारं पाणी रस्त्यावर गळत असतं. मिरकरवाडा, हर्णै, देवगड, मालवण, कुठल्याही बंदराच्या रस्त्यावर टेम्पोच्या मागे चाललात की ते थेट तुमच्या गाडीच्या पोटावर उडतं. दाभोळ–धोपावे, वेश्वी–बागमांडले, जयगड–तवसाळ या फेरीबोटींच्या उतारावर भरतीच्या वेळी चाकं खाऱ्या पाण्यातून जातात. तिसरं कारण जांभ्याची तांबडी माती: ती चाकांच्या कमानीत आणि पत्र्याच्या घडीत चिकटून बसते आणि ओल्या पोत्यासारखी ओलावा धरून ठेवते. आणि चौथं, हौसेने वाळूवर गाडी उतरवणं. भरतीच्या रेषेवर गाडी फिरवून ती न धुता घरी आणणं याला कुठलंच कोटिंग पुरं पडत नाही.

गंज लागतो कुठून, हे कळल्याशिवाय कोटिंगची पारख करता येत नाही. बोनेट, दरवाजे यांचा पत्रा ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाडीचा. बऱ्याच आधुनिक गाड्यांत त्यावर जस्ताचा पातळ थर, त्यावर हौदात बुडवून चढवलेला २० मायक्रॉनच्या आसपासचा प्रायमर, आणि मग रंग. बाहेरच्या सपाट भागावर हे सगळं उत्तम बसतं. अडचण येते दोन पत्रे एकमेकांवर येऊन स्पॉट वेल्डिंग झालेल्या घडीत आणि डबीसारख्या बंद भागांत: दरवाजाखालची सिल, दरवाजाची खालची कड, डिकीच्या झाकणाची आतली बाजू, मागच्या चाकाच्या कमानीची कड, रेडिएटरखालचा क्रॉसमेंबर (आडवा दांडा). पाणी आत शिरतं, बाहेर पडायला दिलेली भोकं मातीने बुजतात, आणि पत्रा आतून बाहेर सडत येतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंग आतून ढकलतो. बाहेर वाटाण्याएवढा फुगवटा दिसला तर समजा, आतला पत्रा बऱ्यापैकी गेला आहे.

हे बघायचं असेल तर नारळाच्या झापाची एक हीर घ्या. सिलच्या खालच्या कडेला बोटाच्या पेराएवढं, थोडं लांबट भोक असतं, एका बाजूला असे दोन-तीन तरी सापडतील. हीर हलकेच आत घाला. आधी ती मऊ चिखलात रुतते. थोडी फिरवली की तांबड्या मातीचा गोळा सुटतो आणि त्याच्यामागून चहाच्या रंगाचं पाणी धार धरून बाहेर येतं. चार दिवस पाऊस नसतानाही येतं. त्या पाण्यात काळपट-नारिंगी पापुद्रे असतील तर ते मातीचे नाहीत, तुमच्या गाडीचे आहेत. दर वर्षी गणपतीनंतर आणि दिवाळीत, असं दोनदा एवढंच केलं तरी सिलचं आयुष्य वाढतं. खर्च शून्य, आणि लोखंडाची तार वापरली तर आतला प्रायमर खरवडला जातो म्हणून हीरच बरी.

आता द्रव्यांकडे.

काळा थर म्हणजे बिटुमेन किंवा कृत्रिम रबर द्रावकात विरघळवून बाटलीत भरलेलं. कंप्रेसरच्या गनने मारतात. खडी आणि चिखलाचा मार सोसण्यात या तिघांत याच्या तोडीचं दुसरं काही नाही, आणि चाकाचा आवाजही जरा कमी होतो. लहान गाडीला नीट जाडीने चार ते पाच किलो लागतं. तीन-साडेतीन हजारांत दोन बाटल्यांत काम उरकलेलं दिसलं तर थर पातळ आहे हे नक्की. याचा मूळ दोष असा की तो सुकतो, कडक होतो आणि तीन-चार वर्षांत तडकतो. तडकला की पाणी केशाकर्षणाने थराच्या मागे शिरतं आणि तिथेच राहतं. वरून बघावं तर थर काळा कुळकुळीत. नखाने कड उचलली की भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून येतो आणि खाली कोरडी नारिंगी पूड, तिच्याखाली खड्डे पडलेला पत्रा. कोटिंग केलंय म्हणून मालक निर्धास्त असतो आणि आत पत्रा चाळण होतो. हे टाळता येतं, पण त्यासाठी खालचा पत्रा पूर्ण स्वच्छ आणि पूर्ण कोरडा लागतो, आणि नेमकी तीच पायरी गाळली जाते. आणखी एक: यातल्या द्रावकात टोल्युइन, झायलीनसारखी रसायनं असतात. गन मारणाऱ्या पोराच्या तोंडाला नुसता रुमाल बांधलेला असेल तर तो काही रोखत नाही, रासायनिक वाफेचा मास्क लागतो. विहिरीच्या कठड्याजवळ किंवा उघड्या परसात हे काम करू देऊ नका.

मेण हे आमच्या मते या सेवेतलं सर्वात मोलाचं आणि सर्वात कमी विकलं जाणारं द्रव्य. कमी विकलं जातं कारण ते दिसत नाही. लांब लवचिक नळीच्या टोकाला चारही बाजूंना फवारणारी तोटी असते. ती बंद भागात शेवटपर्यंत घालून, फवारत हळूहळू मागे ओढायची. पातळ मेण स्पॉट वेल्डच्या घडीत झिरपतं, द्रावक उडून गेल्यावर चिकट राहतं, तडकत नाही, आणि ओरखडा पडला तर उन्हाने मऊ होऊन बऱ्याचदा स्वतःच भरून येतं. लहान गाडीला एकूण दोन ते तीन लिटर पुरतं: दोन्ही सिलना मिळून लिटरभर, चार दरवाजे आणि डिकीला मिळून लिटरभर, बाकी क्रॉसमेंबर आणि मागच्या कमानींच्या आत. बंद जागेत पाणी थेट आदळत नसल्यामुळे ते बरीच वर्षं राहतं. उघड्या पोटावर मात्र दोन-तीन पावसाळ्यांत धुपतं.

काम झालं का, याची खूण सोपी आहे. प्रत्येक पाण्याच्या भोकातून मेणाचे थेंब ओघळले पाहिजेत. एखादं भोक कोरडं राहिलं तर तिथपर्यंत नळी गेलेली नाही किंवा भोक बुजलेलं आहे. ओघळणं थांबलं की पुन्हा हीर घालून प्रत्येक भोक मोकळं करायचं, नाहीतर मेणानेच ते बुजतं आणि आत पाणी कोंडतं. पहिले दोन दिवस गाडीखाली पुठ्ठा टाका. दरवाजांत मेण भरताना आतलं पॅनेल काढून काचेच्या पट्ट्या, स्पीकर आणि मोटर झाकायला सांगा. काचेच्या खोबणीत मेण गेलं तर काच वर-खाली होताना तेलकट पट्टे उमटत राहतात.

लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतून निघणारी चरबी. खनिज तेलावर चालणाऱ्या या धंद्यात तेवढं एक द्रव्य शेतीतून येतं, आणि द्रावक नसलेले प्रकारही मिळतात, हे आम्हाला मनापासून आवडतं. ते कधीच पूर्ण सुकत नाही. पत्र्याला धरून राहतं आणि पाणी बाजूला सारतं. मोठा गुण असा की त्याच्यामागे काय चाललंय ते दिसत राहतं, गंज लपत नाही. जुन्या, थोडाफार गंज लागलेल्या गाडीला हेच योग्य, कारण ते गंजाच्या थरातही मुरतं. उणीव अशी की चाकांच्या कमानीत ते एका पावसाळ्यात धुऊन जातं, एरवीही वर्षाला एकदा परत मारावं लागतं, आणि पहिले आठ-दहा दिवस मेंढरासारखा वास येतो. तांबडी धूळ बसून पोट मळकट दिसतं. दिसू द्या. लॅनोलिन आणि कुठलंही तेल सस्पेन्शनच्या रबरी बुशांवर, ब्रेकच्या रबरी नळ्यांवर लावू नये.

लॅनोलिनच्या जागी जळकं इंजिन ऑइल फासायची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी आहे. ती सोडून द्यावी. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्लं आणि धातूंचे कण असतात, रबर फुगतं, आणि पहिल्याच पावसात ते तुमच्या अंगणात, तिथून परह्यात (ओढ्यात) उतरतं. ते घातक कचऱ्यात मोडतं, फासायचं द्रव्य नाही.

टेफ्लॉन किंवा सिरॅमिक कोटिंगचा उल्लेख इथे एवढ्यासाठीच, की अनेकांना ते गंजरोधक म्हणून सांगितलं जातं. ते वरच्या रंगाची चकाकी राखतं. पोटाशी आणि सिलशी त्याचा संबंध नाही.

कामाची पद्धत हा या परीक्षणाचा खरा गाभा आहे, कारण द्रव्य कुठलंही असो, बिघडतं ते तयारीत. चांगलं काम अडीच-तीन दिवस घेतं. सकाळी गाडी दिली आणि दुपारी जेवायच्या आत हातात आली, तर ती धुऊन सुकलेलीच नाही.

धुण्यापासून सुरुवात. प्लॅस्टिकचे मडगार्ड लायनर आणि पोटाखालची आच्छादनं काढायची. ती न काढता गन मारली तर तुम्ही प्लॅस्टिक रंगवलंत. मग भरपूर गोडं पाणी, जास्त दाबापेक्षा जास्त वेळ. जोराचा झोत मातीला घडीत आणखी आत ढकलतो. इथे किनाऱ्यावरच्या माणसाने एक गोष्ट तपासावी: खाडीकाठच्या बोअरवेलचं पाणी मचूळ असतं. त्या पाण्याने गाडी धुणं म्हणजे मिठाचा आणखी एक थर देणं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचं पेन काही शे रुपयांत मिळतं. पाचशेच्या आत आकडा आला तर वापरा, हजाराच्या वर असेल तर शेवटचा हात नळाच्या किंवा पागोळीच्या साठवलेल्या पाण्याचा द्या. घरी करायचं असेल तर कलमांना पाणी घालायचा फिरता स्प्रिंकलर जमिनीवर ठेवून गाडी त्याच्यावर घ्या. पंधरा मिनिटं पुढच्या भागाखाली, पंधरा मिनिटं मागच्या. फेरीबोटीतून किंवा बंदरावरून आल्यावर दुसऱ्या दिवशीच हे करावं. कुठलंही कोटिंग न करता फक्त एवढं नियमाने करणाऱ्याची गाडी, कोटिंग करून कधीच न धुणाऱ्याच्या गाडीपेक्षा जास्त टिकेल.

मग सुकवणं. दरवाजे, डिकी उघडी, सिलचे रबरी बूच काढलेले, गाडी पूर्ण एक दिवस उन्हात. पावसाळी ढगात हे काम करूच नये. गॅरेजं मृग तोंडावर आला की मे महिन्यात सवलत देतात, रांगा लागतात आणि हात आवरते घेतले जातात. आमच्या मते योग्य काळ दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा. पावसाळ्याचा चिखल तेव्हा काढायचाच असतो, हवा वर्षातली सर्वात कोरडी असते आणि मेस्त्रीला वेळ असतो.

जिथे गंज दिसतो तिथे सुटा गंज वायर ब्रशने पत्रा दिसेपर्यंत काढायचा, आणि न निघणाऱ्या घट्ट डागांवर टॅनिक आम्लाचं गंज-परिवर्तक लावायचं. ते लागलं की नारिंगी रंग निळसर काळा होतो. सुटणाऱ्या पापुद्र्यांवर ते लावणं फुकट आहे, पापुद्र्यासकट निघून येतं. चोवीस तासांनी दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर, तो सुकल्यावर काळा थर. एपॉक्सीऐवजी साधा लाल ऑक्साइड मारला जातो. तो पाणी शोषतो, इथल्या हवेत पुरत नाही.

पत्र्याला भोक पडलं असेल तर लांबी (पुट्टी) किंवा फायबरचं जाळं भरून वर काळं मारणं ही फसवणूक आहे, मग ती कुणाच्याही भल्यासाठी सांगितलेली असो. सिल आणि चॅसीचे भाग गाडीचा भार पेलतात. सडलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून, एक मिलिमीटरचा नवा पत्रा मिग वेल्डिंगने जोडला पाहिजे. गॅस वेल्डिंगची आच लांबवर पसरते, पत्रा वेडावाकडा होतो आणि आजूबाजूचा जस्त-प्रायमर जळतो. मिगनेही सांध्यामागचा प्रायमर जळतोच, म्हणून वेल्डिंगनंतर आतून मेण भरणं चुकवून चालणार नाही. ते चुकलं की नवा सांधा दोन पावसाळ्यांत जुन्यापेक्षा लवकर सडतो. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायला सांगा. याच न्यायाने, अपघातात दबलेलं फेंडर ठोकून सरळ होत असेल तर नवं मागवू नका. ठोकून, मग मागच्या बाजूला मेण. पत्र्याची एक आख्खी फेरी, भट्टीपासून पेंट शॉपपर्यंतची, तिथे वाचते.

फवारताना झाकायच्या जागा बऱ्याच आहेत आणि चूक इथे महाग पडते: सायलेन्सर आणि त्याचा पूर्ण पाइप, ब्रेकच्या डिस्क आणि कॅलिपर, हँडब्रेकच्या केबल, एबीएसचे सेन्सर, रेडिएटर, रबरी बुश, आणि पाण्याची सगळी भोकं. सायलेन्सरवर काळं गेलं तर महिनाभर जळका वास येतो, डिस्कवर गेलं तर ब्रेक धरत नाहीत. चॅसी नंबर जिथे कोरलेला असतो ती जागा कधीच काळ्याने झाकू नये. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना आरटीओत तो वाचता यावा लागतो, आणि खरवडून काढायला गेलं की तिथेच गंजाला दार उघडतं. त्यावर लॅनोलिनचं बोट फिरवा.

विजेच्या गाडीचं थोडं वेगळं. बॅटरी बनवताना आणखी बरंच खर्ची पडलेलं असतं, त्यामुळे बॅटरी धडधाकट असताना सांगाडा सडणं ही दुप्पट हानी. पण बॅटरीच्या पेटीवर, तिच्या हवेच्या छिद्रांवर आणि नारिंगी केबलींवर काहीही फवारू नये. सिल, दरवाजे, मागच्या कमानी एवढ्यातच मेण. कंपनीच्या पुस्तिकेत बाहेरच्या कोटिंगबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा, नवीन गाडी असेल तर हे सगळ्यांनाच लागू. शोरूममध्ये कारखान्यातल्या प्रायमरवर सरसकट काळा थर जोडून घेण्याऐवजी, नव्या गाडीला पहिल्या वर्षी फक्त पोकळ भागांत मेण भरून घेणं आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं.

ज्या गाडीच्या चॅसीचे मुख्य दांडेच गेले, जिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला की आरपार जातो, तिच्यावर यातलं काहीही करू नये. ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यावी, रस्त्याकडेच्या भंगारात नाही. केंद्रात ऑइल, कूलंट, बॅटरीतलं शिसं आणि एसीचा गॅस आधी वेगळा काढावा लागतो. तो आर-१३४ए गॅस नळी कापून हवेत सोडला तर एक किलो म्हणजे १,३०० किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. मिळणारं सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट जपून ठेवा, नव्या खाजगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद त्यावरच आहे. आणि तिथलं लोखंड विजेच्या भट्टीत वितळून परत वापरात येतं, खनिजाच्या वाट्याला न जाता.

गॅरेजची निवड करताना भिंतीवरच्या डब्यांच्या रांगेपेक्षा तीन गोष्टी बघा. मेण मारायची लांब नळी आणि चौफेर तोटी आहे का, ती हातात घेऊन बघा. बऱ्याच ठिकाणी फक्त काळ्याची गन असते. मोबाईलला जोडायचा बारीक नळीचा कॅमेरा आहे का. नसेल तर तुमचा घेऊन जा, हजारभर रुपयांत मिळतो. आणि मेस्त्री गाडी धुऊन सुकल्यावर, फवारणीच्या आधी तुम्हाला बोलावून पोट दाखवायला तयार आहे का. “मेस्त्री, काळं मारायच्या आधी मला एक फोन करा, मी बघून जातो,” एवढं सांगून बघा. जो हो म्हणतो आणि खरंच फोन करतो, त्याच्याकडे हजार रुपये जास्त गेले तरी चालतील. बिलावर द्रव्याचं नाव, किती लिटर किंवा किलो वापरलं, आणि कुठल्या भागांत मेण भरलं हे लिहून घ्या. ‘अंडरबॉडी कोटिंग, पाच वर्षं गॅरंटी’ एवढ्याच ओळीला अर्थ नाही, कारण गॅरंटी थराची असते, पत्र्याची नसते.

दर वर्षी दिवाळीनंतर गाडी रॅम्पवर घेऊन तीन जागा उजेडात बघायच्या: मागच्या चाकांच्या कमानीची आतली कड, सिलची जोडाची कड, आणि जॅक लावायची जागा. जॅकच्या जागी थर हमखास चेमटतो आणि पत्रा उघडा पडतो. तिथे ब्रशने थोडं मेण, पाच मिनिटांचं काम आहे.